पोटाखालची उंची

माणसाची उंची टाळूपर्यंत मोजतात. गाडीची मोजताना मात्र टपाकडे कोणी बघत नाही. तिच्या पोटाखाली सगळ्यांत खाली काय लोंबतंय आणि ते जमिनीपासून किती वर आहे, एवढंच विचारतात. याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. हाच नियम माणसांना लावला तर बऱ्याच उंच माणसांची पंचाईत होईल. पण ते जाऊ द्या, गाडीपुरतंच बोलू.

ज्यांची गाडी डांबर सोडून कधी खाली उतरत नाही, त्यांना हा आकडा ठाऊक नसतो. त्यांना मायलेज ठाऊक असतं. ऑफ-रोडिंगवाल्याला मायलेज विचारलं तर तो आभाळाकडे बघत ‘यंदा पाऊस लांबला’ म्हणतो. ग्राउंड क्लिअरन्स विचारलं की मिलिमीटरमध्ये सांगतो. स्वतःचा रक्तदाब, मुलीची तुकडी, लग्नाची तारीख यांत त्याची गफलत होईल. दोनशे सव्वीसमध्ये होणार नाही. २२६ मिलिमीटर हा २०२० साली आलेल्या थारचा आकडा. आमच्या शेजाऱ्यांकडे ती आहे, त्यामुळे शेजारधर्म म्हणून मलाही तो पाठ झाला आहे. त्याच्या मागोमाग बाकीची आरतीही येते: समोरून चढायचा कोन ४१.८ अंश, पोटाखालचा २७, मागचा ३६.८, आणि पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिलिमीटर. सोसायटीच्या पार्किंगमधून भाजी आणायला जाताना यातला एकही अंश खर्ची पडत नाही, हे त्यांचं खरं दुःख आहे.

तसं बघितलं तर आपल्याकडे ऑफ-रोडिंगसाठी रोड सोडायची गरजच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ९९’ ही मार्गदर्शिका सांगते की गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. कागदावर तो फारच सोज्ज्वळ आहे. प्रत्यक्षात गतिरोधक ही लोककला आहे. कोपऱ्यावर कोणीतरी धडपडतो, संध्याकाळी चार माणसं जमतात, कोणाच्या तरी बांधकामातलं उरलेलं काँक्रीट येतं आणि सकाळी रस्त्याला नवा कणा फुटलेला असतो. दहा सेंटिमीटरची अट कोणी वाचलेली नसते, आणि ३.७ मीटर रुंदीला पुरेल इतकं काँक्रीट उरलेलं नसतं. मग पाच माणसं भरलेली एखादी सेडान त्यावरून जाते, खालून खर्रर्र असा आवाज येतो आणि गाडीतले पाचही जण श्वास ओढून पोट आत घेतात. त्याने इंजिनाखालचं तेलाचं चेंबर वर जात नाही, पण माणुसकी दिसते.

शेजाऱ्यांनी पहिला उपाय केला तो सगळेच करतात. स्प्रिंगा बदलल्या. बाजारात लिफ्ट किट मिळतं. ते बसवलं की गाडीची बॉडी वर उचलली जाते. गाडी दोन इंच वर गेली, शेजारी चार इंच वर गेले. त्यांच्या आईंना गाडीत बसवायला एक माणूस खालून ढकलायला आणि एक आतून ओढायला लागू लागला. “उंट घ्यायचा होतास रे,” आजी म्हणाल्या, “तो निदान खाली तरी बसतो.”

पुढे भर पावसात मुळशीच्या बाजूला ट्रॅक्टरच्या चाकोरीत ही उंच गाडी शिरली. चाकोरी खोल होती आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला वरंबा तितकाच वर आलेला होता. गाडी डौलात निघाली आणि मधोमध बसली. मागची चाकं चिखल उडवत गरागरा फिरत होती, गाडी मात्र समाधी लागल्यागत जागेवर. ज्या ट्रॅक्टरने ती चाकोरी पाडली होती त्याचाच मालक मदतीला आला. त्याने आधी वाकून गाडीखाली पाहिलं, मग शेजाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “सायेब, गाडी वर घेतलीया, पर गोळा हाय तिथंच हाय.”

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ज्याला दोन पानं लागतात ते त्याने एका वाक्यात सांगितलं आणि वर साखळी लावून ओढायचे पैसेही घेतले.

हा गोळा म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाकडून येणारी फिरकी काटकोनात वळवून दोन्ही चाकांना वाटून द्यायची, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जरा जास्त पळू द्यायचं, हे त्याचं काम. काम चांगलं आहे, बसायची जागा वाईट. साध्या एक्सलची नळी एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंत सरळ जाते. म्हणजे नळी जमिनीपासून चाकाच्या निम्म्या उंचीवर, आणि क्राउन-पिनियन पोटात घेऊन बसलेला गोळा तिच्याहूनही खाली. स्प्रिंगा या नळीच्या वर बसतात. त्या कितीही लांब केल्या तरी वरचं तेवढं वर जातं. नळीला आणि गोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. स्प्रिंगा बदलून गोळा वाचवणं म्हणजे ओढा ओलांडताना धोतर भिजू नये म्हणून डोक्यावरची टोपी वर धरणं.

मग राहिले टायर. टायर मोठा केला की चाकाचा मध्य वर जातो, त्याबरोबर नळी आणि गोळाही. पण हा सौदा निम्म्याचा आहे. टायरचा व्यास चार इंचांनी वाढवला तर गोळा दोनच इंच वर चढतो. बाकीचे दोन इंच मडगार्डला घासण्यात, स्टेअरिंग जड होण्यात आणि मागच्या दारावर स्टेपनी लटकवताना कमरेत भरणाऱ्या उसणीत जातात. शिवाय मोठं चाक फिरवायला गोळ्यातून चाकापर्यंत जाणाऱ्या हाफ शाफ्टला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो बिचारा छोट्या चाकाच्या हिशेबाने घडवलेला असतो. मोठ्या चाकाचा मार्ग खरा शोभला तो बैलगाडीला. छातीपर्यंत येणारी लाकडी चाकं आणि मधे गोळा म्हणून काही नाहीच. चाकोरीतून पोट न घासता जाण्यात जुन्या बैलगाडीने आजच्या कितीतरी एसयूव्हींना मागे टाकलं असतं. फक्त बैलांनी ओढलेल्या वाहनाला कोणी ‘फोर बाय फोर’ म्हणालं नाही, पाय मोजले तर ते आठ भरत होते.

इथे शेजाऱ्यांच्या आयुष्यात पोर्टल एक्सल आला.

कल्पना साधी आहे, आणि साध्या कल्पनांइतकीच महाग आहे. एक्सलची नळी चाकाच्या मध्यात घुसवायचीच नाही. ती चाकाच्या वरच्या भागात आणायची, तिथे प्रत्येक चाकाजवळ एक छोटी गिअरपेटी बसवायची. वरून शाफ्ट आत येतो, खालून चाकाचा हब बाहेर निघतो, मधे गिअर. वरच्या आणि खालच्या केंद्रात १०० मिलिमीटरचं अंतर ठेवलं, तर नळी आणि गोळा टायर न बदलता १०० मिलिमीटर वर. त्या शेतकऱ्याच्या भाषेत, गोळा हाय तिथं ऱ्हात न्हाई.

यात एक गंमत आहे. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकवली की ती उलट दिशांना फिरतात. म्हणजे वरच्या शाफ्टला एक गिअर आणि खालच्या हबला एक गिअर, एवढंच करून कोणी पोर्टल जोडला तर गाडीला एक गिअर पुढे जायचा आणि बाकीचे सगळे रिव्हर्सचे मिळतील. काही संस्थांचा कारभार याच तत्त्वावर चालतो, पण गाडीला ते परवडत नाही. म्हणून मग डिफरन्शियलच उलटं बसवतात, नाहीतर दोन गिअरांच्या मधे आणखी आयडलर गिअर घालतात. आयडलरचं काम काय? एकाकडून घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं, स्वतःच्या दातांची संख्या हिशेबात धरू द्यायची नाही आणि तरी तो नसला तर सगळं उलट्या दिशेने जातं. प्रत्येक कचेरीत असा एक हेडक्लार्क असतो.

दुसरा फायदा त्याहून मोठा. खालचा गिअर वरच्यापेक्षा जास्त दातांचा ठेवला की वेगाची शेवटची कपात चाकापाशीच होते. चाक सावकाश फिरतं, पण जोराने. हाफ शाफ्टवरचा आणि गोळ्यावरचा ताण तेवढा कमी होतो, त्यामुळे गोळा आकाराने लहान केला तरी चालतो; आणि लहान गोळा म्हणजे आणखी उंची. पोर्टल गोळ्याला एकाच वेळी वरची जागा देतो आणि कामही हलकं करतो. सरकारी नोकरीत अशी बढती मिळवायला लोक आयुष्य घालवतात.

ही युक्ती कुणा हौशी माणसाच्या गॅरेजात जन्मली असेल असं शेजाऱ्यांना वाटत होतं. पण तिचा एक मोठा पराक्रम बटाट्याच्या शेतात झाला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत खायची भ्रांत होती. डाइमलर-बेंझमध्ये विमानांच्या इंजिनांवर काम केलेले आल्बर्ट फ्रिडरिश यांनी शेतीसाठी एका यंत्राचा आराखडा मांडला. पुढे त्याचं नाव युनिमॉग झालं. चारही चाकं सारखी, चारही चाकांना ताकद, पोर्टल एक्सल, आणि दोन चाकांमधलं अंतर १,२७० मिलिमीटर. हा आकडा आला बटाट्याच्या दोन ओळींवरून. चाकं ओळींच्या मधून जावीत आणि नळी-गोळा रोपांच्या वरून निघून जावा, इतकाच हेतू. १९४८ साली बोरिंगर या कंपनीने उत्पादन सुरू केलं, १९५१ पासून ते डाइमलर-बेंझकडे गेलं. सुरुवातीच्या युनिमॉगवर बैलाच्या डोक्याचं चिन्ह होतं. आज लोक ज्या यंत्राला कातळावर चढवून छाती पुढे काढून फोटो घेतात, ते बटाट्याचं रोप मोडू नये म्हणून इतकं उंच झालं होतं. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते जरा नाराज झाले. त्यांना रणगाडा हवा होता.

रणगाडा नाही, पण रणांगण आहे. फर्डिनांड पोर्श यांच्या कचेरीने जर्मन लष्करासाठी आखलेल्या क्युबेलवागनच्या मागच्या चाकांपाशी अशाच गिअरपेट्या होत्या. गाडीला ताकद फक्त मागच्या दोन चाकांची, तरी ती चिखलातून निघायची. या पेट्यांमागे उंची हे एकच कारण नव्हतं. लष्कराचं म्हणणं असं की पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्या सैनिकांबरोबर गाडी चालली पाहिजे, म्हणजे ताशी ४ किलोमीटर. आणि ती ८ च्या खाली यायला तयार नव्हती. गिअरपेट्यांनी उंचीही दिली आणि संथपणाही. एवढी यंत्रणा कशाला, तर गाडी माणसाच्या चालीने चालावी म्हणून. हेच काम संध्याकाळी सातच्या सुमाराला पुण्यातला कर्वे रोड फुकटात करतो.

युद्ध संपलं आणि त्याच पेट्या फोक्सवॅगनच्या बसला लागल्या, त्या १९६७ पर्यंत. म्हणजे साठच्या दशकात युरोपातून जमिनीच्या वाटेने फुलं रंगवलेल्या बसमधून हणजुण्याच्या किनाऱ्याला पोचलेले हिप्पी, युद्धाचा निषेध करत, लष्करी एक्सलवर बसून आले होते. एक्सलला विचारसरणी नसते, त्याला फक्त तेल लागतं.

सोविएत संघाचं तर सांगायलाच नको. उआझ-४६९ ही तिथली प्रसिद्ध जीप. लष्करी गाडीला पोर्टल एक्सल, पोटाखाली ३०० मिलिमीटर. तीच गाडी नागरिकांसाठी निघाली ती ४६९-बी, साधे एक्सल, २२० मिलिमीटर. समतेच्या राज्यात ८० मिलिमीटरची विषमता होती आणि ती पाहायला गाडीखाली वाकावं लागत होतं. भांडवलशाहीने ही उणीव आपल्या पद्धतीने भरून काढली. मर्सिडीजने २०१३ मध्ये सहा चाकांची जी-वॅगन विक्रीला आणली, पोर्टल एक्सलसकट, क्लिअरन्स ४६० मिलिमीटर. तिथे पैसे टाकले की कोणीही ८० मिलिमीटरची विषमता विकत घेऊ शकत होता.

आणि आता तर खुद्द पोर्श कंपनीनेच ९११ ला पोर्टल लावले. ही ती गाडी, जी आपल्या एखाद्या लोककलात्मक गतिरोधकापुढे आली तर मालक खाली उतरून प्रदक्षिणा घालेल. तिला ३५० मिलिमीटरचा क्लिअरन्स देऊन डिसेंबर २०२३ मध्ये रोमँ द्युमा यांनी चिलीतल्या ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,७३४ मीटरपर्यंत चढवली. त्याआधीचा ६,६९४ मीटरचा पराक्रमही त्याच ज्वालामुखीवर, पोर्टलवाल्या युनिमॉगचाच. बटाट्याच्या ओळीतून निघालेलं यंत्र आणि शर्यतीतली गाडी, दोघांनीही पोटाखालच्या उंचीच्या जोरावर डोंगराची उंची गाठली.

हे सगळं ऐकून शेजाऱ्यांनी निर्णय घेतला. परदेशात काही गाड्यांसाठी तयार गिअरपेट्या मिळतात. असलेला हब काढायचा, पेटी बोल्टने बसवायची. तशाच आपल्या गाडीला जुळवून घ्यायच्या. त्यांनी किंमत काढली. आजवर प्रत्येक आकडा मला मिलिमीटरपर्यंत सांगणाऱ्या माणसाने हा एक आकडा सांगितला नाही. वहिनींना सांगितला असावा, कारण त्या दिवशी त्यांच्या घरातून कुकरच्या शिट्ट्याही दबक्या आवाजात येत होत्या.

मग आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी खर्चाची दुसरी बाजू उलगडली. चार पेट्या म्हणजे चार ठिकाणी वेगळं तेल, चार ठिकाणी जास्तीचे सील. पाण्यातून गाडी काढली की चारही ठिकाणी बघायचं, तेल दुधाळ तर झालं नाही ना. झालं, तर सील गेला. हायवेवर जोरात पळवली की गिअर तापणार, आवाज करणार. चाकापाशी वजन वाढलं की खड्ड्यात चाक आदळणार ते जास्त जोराने. ब्रेकचे पाइप, स्टेअरिंगचे रॉड नव्या उंचीला जुळवून घ्यायचे. आणि पोर्टल फक्त गोळा वर नेत नाही, सगळी गाडीच वर नेतो. गुरुत्वमध्य वर गेला की आडव्या उतारावर गाडी कलंडायला तेवढीच उत्सुक.

“म्हणजे धोका आहे म्हणता?” शेजाऱ्यांनी विचारलं.

“धोका नाही हो,” मिस्त्री म्हणाले, “चिखलात अडकणारी गाडी अडकते फक्त. अडकत नाही ती पुढं जाऊन पडते.”

सगळ्यांत मोठा वरंबा मात्र कायद्याचा निघाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. शेजाऱ्यांची गाडी आरटीओच्या दारात २२६ ची ३२६ होऊन उभी राहिली असती तर तिथून पुढे जायला कुठल्याच एक्सलमध्ये ताकद नव्हती. त्यांच्या लिफ्ट किटच्या दोन इंचांचा विषयही त्या दिवसापासून सोसायटीत कोणी काढत नाही.

इतकं झाल्यावर दुसरा कोणी असता तर त्याने पोर्टलचं नाव टाकलं असतं. शेजाऱ्यांना मात्र नेमकं तेव्हाच कळलं की हाच एक्सल उलटा करूनही वापरतात. शाफ्ट वरून येऊन चाक खाली, याऐवजी नळी खाली आणि चाकाचा मध्य वर. नळी खाली गेली की तिच्यावरची बसची जमीनही खाली येते, मागच्या चाकांजवळ पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. लो-फ्लोअर बससाठी जर्मनीची झेडएफ कंपनी असे एक्सल बनवते. एकाच युक्तीच्या एका टोकाला माणूस जमिनीपासून दूर जायला लाखो रुपये मोजतो आणि दुसऱ्या टोकाला गुडघे दुखणाऱ्या आजी पदपथावरून सरळ बसमध्ये पाऊल टाकतात. यांतला कुठला उपयोग जास्त उंचीचा, हे मी शेजाऱ्यांपुढे काढलं नाही. त्यांच्या आई मात्र हल्ली बसनेच जातात.

आईंना स्टॉपवर सोडायला शेजारी स्वतः येतात. प्रत्येक लो-फ्लोअर बसला हा एक्सल असतोच असं नाही, त्यामुळे बस थांबली की ते मागच्या चाकाजवळ गुडघे टेकून, मान वाकडी करून खाली बघतात. परवा असेच वाकलेले असताना कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं.

“काका, काही पडलं का?”

“नाही, एक्सल बघतोय. पोर्टल आहे का ते.”

कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि घंटेच्या दोरीला हात घातला.

“बघून झालं असेल तर चढा. जागा आत आहे, खाली नाही.”